आहेत आणि राहतील

२९ सप्टेंबर १९१६ या तारखेचा एक फ्रेंच कायदा आहे, जो एका वाक्यात सुरू होतो आणि त्याच वाक्यात संपतो. सेनेगलमधील पूर्ण अधिकारांच्या नगरपालिकांचे मूळ रहिवासी आणि त्यांचे वंशज हे फ्रेंच नागरिक आहेत आणि राहतील, व १९१५ च्या कायद्याने घालून दिलेली लष्करी कर्तव्ये त्यांना बंधनकारक असतील, एवढाच त्याचा मजकूर. माझा व्यवसाय काजूचा आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या कारखान्याला इथली बी वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकन बी आणावी लागते, आणि तिच्या खरेदीसाठी मी काही हंगाम सेनेगलच्या दक्षिणेला, कासामान्स भागात, काढलेले आहेत. ऐंशी किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघेल यावर जिथे सौदा ठरतो, तिथे करारातल्या प्रत्येक क्रियापदाकडे डोळे बारीक करून पाहण्याची सवय लागते. त्या सवयीमुळेच असेल, हा कायदा प्रथम वाचला तेव्हा मी ‘राहतील’ या शब्दापाशी अडखळलो. ‘होतील’ असे तिथे म्हटलेले नाही. म्हणजे नागरिकत्व आज बहाल केले जात नसून ते आधीपासूनच होते आणि मधल्या काळात कोणी उगाच शंका काढल्या, असा त्या वाक्याचा रोख आहे. हा रोख ज्यांनी त्यात आणला, त्या ब्लेझ दियान्य यांचे नाव डाकारच्या नव्या विमानतळाला दिलेले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तो सुरू झाला. रात्री उतरल्यावर शहराकडे जाताना टॅक्सीवाल्यांकडून ते नाव मी कितीदा तरी ऐकले. माणूस मात्र पुष्कळ उशिरा कळला.

दियान्य यांचा जन्म १८७२ चा, डाकारच्या समोर असलेल्या गोरे बेटावरचा. (या बेटाचे नाव मराठी माणसाने उच्चारले की जो विनोद आपोआप होतो, तो मी तिथल्या एका मित्राला फोड करून सांगितला होता. तो हसला नाही.) बंदरातून फेरीबोटीने वीस मिनिटांत तिथे पोहोचता येते. गेरूच्या रंगाच्या भिंती, बोगनवेल, मोटारगाडी एकही नाही, आणि गुलामांच्या व्यापाराची आठवण सांगणारे ते प्रसिद्ध घर. दियान्यांचे वडील सेरेर जमातीचे, स्वयंपाकी. आईचे मूळ आजच्या गिनी-बिसाऊकडच्या मान्जाक लोकांतले. जन्मनाव गालाय म्बाय दियान्य. ‘ब्लेझ’ हे नाव त्यांना बेटावरच्या क्रेस्पँ नावाच्या मिश्रवंशीय, प्रतिष्ठित कुटुंबाने दिले. त्या कुटुंबाने मुलाला पदराखाली घेतले, शिकवले, शिक्षणासाठी फ्रान्सलाही पाठवले. १८९१ मध्ये ते कस्टमची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्यानंतरची वीसएक वर्षे त्यांनी फ्रेंच साम्राज्याच्या जकात नाक्यांवर काढली.

या वीस वर्षांबद्दल चरित्रकार भरभर पुढे जातात, पण मला ती थांबून पाहावीशी वाटतात. दाहोमे, काँगो, रेयुनियों, मादागास्कर आणि शेवटी अटलांटिकच्या पलीकडचे फ्रेंच गयाना, असा हा बदल्यांचा नकाशा आहे. वरिष्ठांशी पटत नाही, काळा अधिकारी बरोबरीच्या सुरात बोलतो, तक्रारअर्ज करतो, म्हणून त्याला उचलून आणखी दूर टाकायचे. आपल्याकडे ज्याने सरकारी नोकरी केली किंवा सरकारी नोकराच्या घरात बालपण काढले, त्याला ‘बदली’ या शब्दातली शिक्षा समजावून सांगावी लागत नाही. पण या बदल्यांमधूनच दियान्यांना साम्राज्याचा हिशोब तोंडपाठ झाला असावा. कुठल्या वसाहतीत काळ्या माणसाला मत आहे, कुठे नाही, गयानात आणि रेयुनियोंमध्ये जे साधे नागरिक म्हणून राहतात त्यांच्याहून सेनेगलचे लोक कोणत्या कलमाने वेगळे ठरतात, हे त्यांनी नोकरीच्या निमित्ताने प्रत्यक्ष पाहिले होते. रेयुनियोंमध्ये ते फ्रीमेसन या बंधुसंघाचे सभासद झाले, १९०९ मध्ये त्यांनी एका फ्रेंच स्त्रीशी विवाह केला, आणि १९१० मध्ये गयानातल्या सें-लोराँ-द्यु-मारोनी या गावी त्यांचा मुलगा राऊल जन्मला. हा राऊल पुढे फ्रान्सच्या राष्ट्रीय फुटबॉल संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. त्याच्या जन्मगावाच्या रकान्यात बापाच्या बदलीची नोंद कायमची राहिली आहे.

आता कायद्यातल्या त्या ‘पूर्ण अधिकारांच्या’ नगरपालिका. सेंत-लुई, गोरे, रुफिस्क आणि डाकार ही ती चार शहरे. फ्रेंच पश्चिम आफ्रिका नावाचा प्रचंड मुलूख होता, त्यात कोटीहून अधिक माणसे राहत होती आणि ती सारी ‘प्रजा’ होती; त्यांच्यावर ‘अँदिजेना’ नावाची दंडसंहिता चाले, जिच्या जोरावर गोरा प्रशासक खटला न चालवता एखाद्याला पंधरा दिवसांपर्यंत तुरुंगात टाकू शकत असे. या चार शहरांतल्या मूळच्या रहिवाशांना मात्र मत देता येत असे. त्यांना ‘ओरिजिनेर’ म्हणत. आपल्या ‘मूळचे’ या शब्दात तो अर्थ बरोबर बसतो. १८४८ च्या क्रांतीनंतर सेनेगलला पॅरिसच्या संसदेत एक जागा मिळाली होती, ती मधे काढून घेतली गेली आणि १८७० च्या दशकात परत मिळाली. वसाहतीने साम्राज्याच्या राजधानीत प्रतिनिधी पाठवावा ही कल्पना आम्हा वेंगुर्लेकरांना अगदीच परकी वाटू नये, कारण शेजारच्या गोव्यातून बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा यांची लिस्बनच्या संसदेवर १८२२ मध्येच निवड झाली होती. दादाभाई नौरोजींचे उदाहरण आपल्याला पटकन आठवते, पण दादाभाईंना १८९२ मध्ये निवडून दिले ते लंडनच्या मतदारांनी. दियान्य यांचे नाते गोव्याच्या त्या प्रतिनिधींशी अधिक जुळते.

फरक एवढाच की सेनेगलची जागा १९१४ पर्यंत एकतर गोऱ्यांकडे किंवा मिश्रवंशीयांकडे राहिली. मतदार बहुसंख्येने काळे, निवडून येणारा मात्र कधीच काळा नाही. त्यातच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशासनाने आणि न्यायालयांनी नवा सूर लावला: या लोकांना मत आहे हे खरे, पण मत असले म्हणून ते नागरिक आहेत असे कोणी सांगितले? वारसा, विवाह या बाबतीत ते इस्लामी कायदा पाळतात, मग ते फ्रेंच कसे? डाकार परिसरातल्या लेबू लोकांच्या जमिनी नव्या राजधानीच्या बांधकामात जात होत्या, तरुण शिकलेल्यांना कारकुनीच्या वर चढू दिले जात नव्हते, आणि या सगळ्या नाराजीला तोंड हवे होते. सुमारे वीस वर्षे देशाबाहेर राहिलेला, गावात फारसे कोणी ओळखत नसलेला कस्टम अधिकारी १९१४ च्या सुरुवातीला परत आला आणि रुफिस्कचे गालांदू दियूफ यांनी त्याला हाताशी धरून लोकांपुढे उभे केले. १० मे १९१४ रोजी दुसऱ्या फेरीत दियान्य निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावरच्या गोऱ्या उमेदवाराहून त्यांना दोनशे मतेही जास्त नव्हती. मावळते खासदार, मिश्रवंशीय वकील फ्रांस्वा कार्पो, बरेच मागे पडले. आफ्रिकेतून निवडून गेलेल्या काळ्या माणसाने फ्रेंच संसदेत बसण्याची ती पहिली वेळ.

त्याच सुमारास डाकारमध्ये प्लेग आला. लेबूंच्या झोपड्या जाळण्यात आल्या आणि लोकांना शहराबाहेर, पुढे ‘मेदिना’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या वस्तीत, हलवण्यात आले. १८९७ चे पुणे ज्याने वाचलेले आहे त्याला पुढचे वर्णन नको. हातात मतदानाचा अधिकार असूनही सोजिर दारात येऊन घर पेटवू शकतो, तर तो अधिकार कागदावर आणखी घट्ट करून घ्यावा लागतो, हे त्या वर्षी चार शहरांतल्या माणसांना समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि दियान्यांना त्यांचे हत्यार सापडले. ओरिजिनेर तरुण भरतीला गेले तेव्हा त्यांना नियमित फ्रेंच सैन्यात घेतले नाही. यायचे तर ‘तिरायर’ म्हणून या, म्हणजे प्रजेतून उभारलेल्या आफ्रिकन पलटणीत, कमी पगारावर आणि वेगळ्या जेवणावर. दियान्यांनी संसदेत मांडले ते थोडक्यात असे, की आम्ही नागरिक आहोत, तेव्हा देशासाठी मरण्याचा हक्क आम्हाला नागरिकांच्याच रांगेतून हवा. युद्धाच्या ऐन धुमाळीत, जेव्हा प्रत्येक संगीन मोजली जात होती, तेव्हा ‘आम्हाला मरू द्या’ या मागणीला नाही म्हणणे कोणाला जमणार होते? १९ ऑक्टोबर १९१५ चा कायदा मंजूर झाला आणि ओरिजिनेरांना नागरिक म्हणून सैनिकी सेवा लागू झाली. मग पुढच्या वर्षी दुसरे पाऊल: जे नागरिक म्हणून लढतात ते नागरिक आहेत, हे एकदा लिहून टाका. तेच ते एका वाक्याचे विधेयक. त्यात व्यक्तिगत कायदा सोडण्याची अट नव्हती. अल्जेरियातल्या मुसलमानाला फ्रेंच नागरिक व्हायचे तर १८६५ पासून आपला धार्मिक व्यक्तिगत कायदा सोडावा लागे; सेंत-लुईचा मुसलमान मात्र नमाज, निकाह आणि वारसा यांसकट नागरिक राहिला. स्वतः दियान्य बाप्तिस्मा झालेले आणि फ्रीमेसन. आपल्या मतदारांसाठी त्यांनी जे मिळवले, त्याची त्यांना स्वतःला काहीच गरज नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट मला मनापासून आवडते आणि ती इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

१९१७ च्या एप्रिलमध्ये उत्तर फ्रान्समधल्या शमँ दे दामच्या चढाईत जनरल मांजां यांच्या हाताखाली सेनेगली पलटणी थंडीपावसात मशीनगनपुढे ढकलल्या गेल्या आणि त्यांची कत्तल झाली. ‘सेनेगली’ हे नुसते नाव. माणसे पश्चिम आफ्रिकेच्या सगळ्या कोपऱ्यांतली होती. जूनमध्ये संसदेच्या गुप्त बैठकीत दियान्य उठले आणि सेनापतींच्या बेफिकिरीवर तुटून पडले. तरीही सात महिन्यांच्या आत, जानेवारी १९१८ मध्ये, त्याच दियान्यांनी पंतप्रधान क्लेमांसो यांच्याकडून आफ्रिकेत नवी सैन्यभरती करण्याची जबाबदारी स्वीकारली. हुद्दा गव्हर्नर जनरलच्या तोडीचा. तेव्हाचे गव्हर्नर जनरल व्हान व्होलेनहोव्हेन यांनी, आधीच पिळून निघालेल्या मुलखातून आणखी माणसे काढू नयेत असे सरकारला कळवले होते. १९१५-१६ मध्ये व्होल्टा आणि बानी नद्यांच्या खोऱ्यांत सक्तीच्या भरतीविरुद्ध मोठे बंड होऊन गावेच्या गावे बेचिराख झाली होती. आपल्या बरोबरीचा अधिकार दुसऱ्याला दिला जातो हे पाहून व्होलेनहोव्हेन यांनी राजीनामा दिला, ते आघाडीवर गेले आणि जुलैत मारले गेले. इकडे दियान्य आपल्या पदकवाल्या आफ्रिकन अधिकाऱ्यांच्या लवाजम्यासह डाकार, बामाको करीत गावोगाव फिरले. करमाफी, अँदिजेनातून सुटका, परतल्यावर राखीव नोकऱ्या, शौर्यपदक मिळवणाऱ्याला नागरिकत्वाची वाट, डाकारला वैद्यकीय शाळा, अशी आश्वासने त्यांच्या हातात होती. पश्चिम आफ्रिकेतून चाळीस हजार माणसे हवी होती. त्रेसष्ट हजारांच्या आसपास मिळाली. यानंतर देऊ केलेला ‘लेजिऑन ऑफ ऑनर’ हा फ्रेंच सन्मान त्यांनी, मी केवळ कर्तव्य केले, असे सांगून नाकारला.

त्याच वर्षी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली होती आणि सैन्यभरतीच्या विषयाला टिळकांनी स्वराज्याचा प्रश्न जोडताच त्यांना बोलू दिले नाही, तेव्हा टिळक सभात्याग करून बाहेर पडले. गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायी फिरत होते. माणसे द्या आणि हक्क घ्या, हा सौदा १९१८ मध्ये निम्म्या जगात चालू होता, त्यामुळे केवळ तो केला म्हणून मी दियान्यांना बोल लावणार नाही. मला खुपते ते वेगळे आहे. १९१५ मध्ये त्यांनी ज्यांचे रक्त पणाला लावले ते त्यांचे मतदार होते, पुढच्या निवडणुकीत त्यांना जाब विचारू शकणारे. १९१८ मध्ये त्यांनी बामाकोच्या पलीकडून, जंगलांतून आणि गवताळ माळांवरून जी माणसे उचलली, त्यांतल्या एकालाही मत नव्हते. त्यांच्यासाठी ‘आहेत आणि राहतील’ असे वाक्य कुठल्याही कायद्यात नव्हते. होते ते अटी घातलेले वटहुकूम, ज्यांचे पालन करायचे की नाही हे त्याच प्रशासकाच्या हाती राहणार होते. आमच्या धंद्यात याला एक नाव आहे. स्वतःच्या गावच्या शेतकऱ्याला रोखीने भाव द्यायचा आणि लांबच्याला चिठ्ठी.

पुढच्या वर्षांत ही हद्द अधिकच ठळक होत गेली. फेब्रुवारी १९१९ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी पॅरिसला भरवलेल्या अखिल आफ्रिकी परिषदेला क्लेमांसोंची परवानगी मिळाली ती दियान्यांच्या शब्दामुळे, आणि अध्यक्षस्थानीही तेच होते. पण जगभरचा काळा माणूस एक, ही भाषा त्यांच्या तोंडी बसली नाही. ते आधी फ्रेंच होते आणि तसे ते उघड म्हणत. १९२३ मध्ये त्यांनी बोर्दोच्या व्यापारी पेढ्यांशी समझोता केला. सेनेगलच्या भुईमुगाचा सगळा व्यापार या पेढ्यांच्या मुठीत होता, आणि पूर्वी त्या दियान्यांच्या कट्टर विरोधक होत्या. १९२४ मध्ये पॅरिसच्या ‘ले काँतिनाँ’ या पत्राने, दर सैनिकामागे दियान्यांनी दलाली घेतली, असा आरोप छापला. त्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, जिंकला, आणि ते छोटे पत्र बुडाले. दलाली घेतली असे मलाही वाटत नाही. पण ज्या माणसाने सर्व काही कायद्याच्या शब्दाने मिळवले, त्याच्याविषयी लोकांना असे खरे वाटू लागावे, यात त्या भरतीचे उरलेले उत्तर दडलेले आहे.

सर्वांत जड प्रसंग १९३० चा आहे. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेपुढे वेठबिगारीच्या विरुद्ध करार आला होता. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत रस्ते, रेल्वे आणि कालवे सक्तीच्या मजुरीवर चालत; लष्करभरतीत निवडलेल्यांपैकी जे सैन्यात घेतले जात नसत त्यांना ‘तुकडीचा दुसरा हिस्सा’ असे नाव देऊन वर्षानुवर्षे सार्वजनिक बांधकामावर राबवण्याची सोय १९२६ पासून होती. फ्रेंच सरकारची बाजू मांडण्यासाठी तिथे उभे राहिले ते गोरे बेटावरच्या स्वयंपाक्याचे चिरंजीव. गोऱ्या मंत्र्याने केले असते तर ते समर्थन कोणाला ऐकवले नसते. काळ्या खासदाराने केले म्हणून त्याला वजन आले, आणि हे त्यांना पाठवणाऱ्यांनाही ठाऊक असणार, त्यांना स्वतःलाही. फ्रान्सने त्या करारावर १९३७ पर्यंत शिक्कामोर्तब केले नाही. जिनिव्हानंतर पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३१ मध्ये, लाव्हाल मंत्रिमंडळात दियान्य वसाहत खात्याचे उपमंत्री झाले. फ्रेंच सरकारात पोहोचलेले ते पहिले काळे आफ्रिकन. त्या उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या वनात भव्य वसाहत प्रदर्शन भरले होते, आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत राऊल फ्रान्सच्या जर्सीत पहिला सामना खेळला होता. एका घरात एका वर्षी एवढे सगळे.

चार शहरांतही हवा बदलली होती. ज्या गालांदू दियूफ यांनी १९१४ मध्ये त्यांना उभे केले, तेच १९२८ मध्ये त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. दियान्य टिकले, पण तोवर पूर्वीचा उमाळा ओसरला होता. ११ मे १९३४ रोजी फ्रान्सच्या कांबो-ले-बँ या गावी ते वारले तेव्हा खासदारकीला वीस वर्षे आणि एक दिवस झाला होता. त्यांची जागा दियूफ यांनी घेतली. चार शहरांबाहेरच्या माणसांसाठी कायदा व्हायला आणखी एक महायुद्ध जावे लागले. ११ एप्रिल १९४६ रोजी आयव्हरी कोस्टच्या फेलिक्स उफ्वे-ब्वान्यी यांच्या विधेयकाने वेठबिगारी बंद झाली, आणि ७ मे रोजी सेनेगलच्या लामीन गे यांच्या कायद्याने साऱ्या वसाहतींतली प्रजा नागरिक ठरली. दोघेही पॅरिसच्या त्याच सभागृहात आफ्रिकेचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. दियान्यांनी त्या दाराची कडी काढली नसती तर ते तिथे पोहोचते का, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो. उत्तर बहुधा ‘पोहोचले असते, पण उशिरा’ असे आहे, आणि त्या ‘उशिरा’ची किंमत १९१८ च्या त्रेसष्ट हजारांशी कशी ताडून पाहायची, हे मला साधलेले नाही.

मागच्या खेपेला डाकारमध्ये माझ्याकडे मोकळी दुपार होती. माल बंदरात अडकला होता, कागद पुरे व्हायला संध्याकाळ होणार होती, म्हणून मी रेल्वे स्थानकापर्यंत चालत गेलो. तिथल्या चौकात ‘देंबा आणि द्युपों’ यांचा पुतळा आहे. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ तो १९२३ मध्ये उभारला. नंतर, १९८३ मध्ये, वसाहतवादाची खूण म्हणून उचलून कबरस्तानात नेऊन ठेवला. आणि २००४ मध्ये परत आणून या चौकात बसवला. दोन सैनिक शेजारीशेजारी उभे आहेत. द्युपों फ्रेंच, त्याचा हात देंबाच्या खांद्यावर. चबुतऱ्याच्या सावलीत एक माणूस फोनच्या कव्हरांची टोपली मांडून बसला होता. देंबा कुठला, डाकारचा की आतल्या मुलखातला, असे मी त्याला माझ्या तोडक्या फ्रेंचमध्ये विचारले. त्याने वर पुतळ्याकडे पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाला, “गणवेशावरून तिरायर दिसतो. म्हणजे आतलाच.” मग त्याने मला एक कव्हर दाखवले आणि भाव सांगितला.